साथ, लेहरा, शिकवणी आणि बाकीचं

गुरुवार, रात्री उशिरा

दुपारी एका धाकट्या मैत्रिणीचा फोन आला. संगीतात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, हात तयार आहे, लयीला पक्की. म्हणाली, "ताई, आता एक काहीतरी ठरवायला हवं ना? मैफिलीची साथच करायची म्हटलं तर नाव व्हायला किती वर्षं जातील? आणि शिकवण्या सुरू केल्या तर सगळे म्हणणार, हिनं वाजवणं सोडलं." फोनवर जमेल तेवढं बोलले, पण डोक्यात अजून तेच चालू आहे.

हे 'एक काहीतरी' आम्हा पेटीवाल्यांच्या परंपरेत कुठे होतं? गोविंदराव टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला पेटीची साथ करायचे. १९११ साली 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांनी दिल्या. १९१३मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, पुढे स्वतःची शिवराज नाटक मंडळी. १९३२ला प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' चित्रपटाचं संगीतही त्यांचं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. वर लेखन वेगळं. यातलं कुठलं काम खरं आणि कुठलं पोटापाण्याचं, अशी वाटणी मला करता येत नाही. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती १९७१पर्यंत उठली नाही. त्या मधल्या पिढीनं नाटक, मैफल, भजन, कीर्तन, शिकवण्या अशा मिळेल त्या ठिकाणी वाजवून हे वाद्य आमच्या हातात दिलं. आज मी कीर्तनाच्या साथीला बसते तेव्हा कुणी नाक मुरडलं तर मला मनापासून वाईट वाटतं, ते या लोकांसाठी.

बुधवारी संध्याकाळी कथकच्या क्लासमध्ये लेहरा धरते, म्हणजे नाचणाऱ्याला ताल कळावा म्हणून एकच धून पेटीवर सतत वाजवत राहते. कॉलेजात लेहऱ्याचा तासच नव्हता. सोळा मात्रांच्या तीनतालाचं एकच आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, चंद्रकंस रागातले तेच स्वर, पुन्हा पुन्हा, तासभर. नाचणारी मुलगी तिहाई (तीनदा म्हटलेला तुकडा) घेते, तिचा शेवटचा 'धा' समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित पुढे जातो, आणि नेमक्या त्या वेळी आपला हात तिच्यासाठी थांबायला बघतो. तो थांबू द्यायचा नाही. लेहरा हलला तर तिला कधीच कळणार नाही की ती कुठे चुकली. दर तुकड्यानंतर कथकच्या बाई लय थोडी चढवतात, तीही सगळ्यांच्या अंगात एकदम चढली पाहिजे, झटका बसता कामा नये. हे तासन् तास केल्यावर विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाच्या साथीला बसले की आवर्तन आत मोजावं लागत नाही, सगळं लक्ष गाणाऱ्याकडे देता येतं. मैफिलीतली माझी साथ कथकच्या क्लासनं सुधारली, यात मला शंका नाही.

दुसरी गोष्ट पेटीच्या दुरुस्तीची. कॉलेज संपल्यावर एका कारागिराच्या दुकानात जाऊन बसायला लागले, आधी नुसतं बघायला. पेटीच्या आत कंप पावणारी सुराची पितळी पट्टी टोकाकडे अगदी हलकी खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. एक घासा जास्त बसला की पट्टी कामातून गेली. तिथे कान लावून बसल्यावर पेटीचा गंधार, म्हणजे 'ग', पहिल्यांदा नीट ऐकू आला. तंबोऱ्यातून जो गंधार उमटतो, त्याच्यापेक्षा पेटीचा शुद्ध गंधार थोडा चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. आता यमन रागात गायिका गंधारावर स्थिरावली की मी तो सूर दाबून धरत नाही. हलकेच स्पर्श करून सोडते, भाता कमी करते, तिचा सूर तंबोऱ्यावर राहू देते. पावसाळ्यात कार्यक्रम कमी असतात तेव्हा याच दुकानातल्या कामानं हातखर्च निघतो, तोही महत्त्वाचा आहेच.

शिकवण्यांबद्दल तर मी भांडायला तयार आहे. न्यू जर्सीतली एक मराठी मुलगी माझ्याकडे ऑनलाइन शिकते, 'प्रवेशिका पूर्ण' या संगीत परीक्षेची तयारी चाललीय. इंटरनेटवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघींनी एकत्र वाजवणं शक्यच नाही. मी एखादी जागा, म्हणजे छोटी स्वरांची ओळ, वाजवते, थांबते, मग ती वाजवते. मला तिच्या मागून सूर भरता येत नाही, म्हणून भूप रागात तिचा धैवत ('ध') कुठे घाईनं सुटतो ते मला ऐकावंच लागतं आणि शब्दांत सांगावं लागतं. 'अगं, असं नाही, असं' म्हणून भागत नाही.

पैशाचं स्पष्ट लिहून ठेवते, कारण हे कुणी सांगत नाही. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट या दिवसांत एका संध्याकाळी दोन-दोन ठिकाणची बोलावणी येतात. पितृपक्षात आणि ऐन पावसाळ्यात फोन वाजत नाही. घरभाडं दर महिन्याला द्यायचं असतं, ते क्लासेस आणि कथकवर चालतं. म्हणूनच मैफिलीला कुणी 'मानधनाचं नंतर बघू' म्हणालं तर मला नाही म्हणता येतं. एकाच कामावर अवलंबून असते तर म्हणता आलं नसतं.

एका गोष्टीला मात्र हात लावू द्यायचा नाही, सकाळच्या रियाजाला. कुठल्याही कार्यक्रमाची तयारी त्या वेळात नाही, शिकवणी नाही, फोन नाही. एकच राग, कुणाच्या साथीसाठी नाही, आपला आपल्याला. बाहेर दिवसभर दुसऱ्याच्या गाण्यामागे जायचं असतं, तर स्वतःला काय सुचतं ते कळायला रोजचा हा वेळ लागतोच. आमच्या बरोबरीचे काहीजण उत्तम वाजवणारे, कामं भरपूर मिळाली आणि हाच वेळ सगळ्यात आधी गेला. त्यांची साथ आजही सफाईची आहे, पण नवं काही ऐकू येत नाही.

फोनवर तिला एक सांगायचं राहिलं, उद्या कळवते: छोटी वही कर. कोण गायिका काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) गाते, कुणाला कोमल निषादावर ('नी'वर) रेंगाळायला आवडतं, कुठल्या हॉलचा माइक पेटीचा खर्ज (खालचे सूर) खातो, सगळं त्याच रात्री लिहून काढ. आणि पुढच्या बुधवारी कथकच्या क्लासला ये. पहिला अर्धा तास लेहरा तू धर, मी शेजारी बसते.