बुडातून वाकणं

पहिल्याच दिवशी तिचे दोन्ही तळहात फरशीला टेकले, तेही गुडघे ताठ ठेवून. धारूर तालुक्यातल्या एका गावात, मंदिराच्या सभामंडपात मी बायकांचा वर्ग घेत होते. २१ जूनच्या योगदिनाची तयारी होती. सामान्य योग अभ्यासक्रमात ताडासन, वृक्षासन झालं की पादहस्तासन येतं, उभ्यानं पुढं वाकून हात पायांपाशी टेकवायचे. बाकीच्यांची बोटं नडगीच्या खाली जाईनात, म्हणून मी तिला पुढं बोलावलं. "बघा, असं जमलं पाहिजे."

ती म्हणाली, "ताई, ह्येच तर करतो की आम्ही फडात सहा महिने."

ऊसतोडीला जाणारी बाई. तीनदा तिनं करून दाखवलं. चौथ्यांदा वाकली ती वर येईना. मांडीवर हात रोवून, एका अंगाला कलत कशीबशी उभी राहिली. कमरेतून डाव्या घोट्यापर्यंत कळ गेली होती.

"कधीपासून?"

"दोन वरसं झाली. रोजचंच हाय."

रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचं दुखणं हे आधी विचारायचं असतं. मी बाकी सगळ्यांना विचारलं होतं. हात टेकतात म्हणून तिला विचारलं नाही.

हे आसन खुब्यातून वाकायचं आहे. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जातात. ते आखडलेले असले की कटीचं हाड पुढं कलत नाही, आणि राहिलेलं अंतर कमरेचे मणके गोल होऊन भरून काढतात. मणके पुढून दाबले जातात, मधली चकती मागं सरकू पाहते आणि पायाकडं जाणाऱ्या नसा तिथंच असतात. तिची कंबर घागरीसारखी गोल झाली होती. मी तळहात बघत होते. योगदिनाच्या फोटोतही हातच दिसतात, आणि कार्यक्रम घेणाऱ्यांना फोटोच हवे असतात.

तिला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाठीवर उभी काठी धरायची. डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्हीकडं ती टेकलेली राहिली पाहिजे. गुडघे थोडे सैल. बैठक मागं न्यायची आणि हात फक्त खुर्चीपर्यंत. पहिल्या दिवशी जरा वाकली की काठी माकडहाडावरून सुटायची. आठव्या दिवशी सुटली नाही. इतकं सुंदर पादहस्तासन मी जमिनीला हात टेकवणाऱ्यांकडूनही क्वचित पाहिलंय.

खुर्चीवरचे हात न काढताच ती म्हणाली, "पर ताई, असं वाकून ऊस तुटत न्हाई. बुडातून तोडावा लागतो. बुडखा राहिला की मुकादम वरडतो."

खरंच आहे. साखर बुडाकडंच जास्त असते, खोडवाही, म्हणजे तोडलेल्या बुडातून पुन्हा येणारा ऊस, जमिनीलगत तोडलं तरच चांगला फुटतो. एक गुडघा टेकून बघ, म्हणाले. "पाचट टोचतं. आन् जोडी मागं राहती." नवरा-बायकोची जोडी मिळून तोडते आणि पैसे टनावर मिळतात. माझ्याकडं याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा ट्रकपाशी जाऊन एवढंच सांगितलं, की मोळी उचलताना तरी गुडघे वाकव, बैठक मागं ने. तोवर घोट्यापर्यंत जाणारी कळ मांडीतच थांबू लागली होती. कळ अशी वर सरकत येणं चांगलं लक्षण असतं. उन्हाळ्यात ती परत आली की आधी तेच विचारणार आहे, आता कळ कुठवर जाते.