३० फेब्रुवारी

रात्रीचे साडेअकरा. आज दिवसभरात एकच गोष्ट झाली: ३० फेब्रुवारी ही तारीख असते, हे मी मान्य केलं.

आमच्या गटात तिघं. एक हवामानशास्त्रातली, एक साथरोगांचा संख्याशास्त्रज्ञ आणि दोघांमधली पाइपलाइन सांभाळणारी मी. हवामान मॉडेलांचं, म्हणजे संगणकावर हवामानाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामांचं, रोजचं तापमान एकीकडून आत जातं, दुसरीकडून त्याच्या विश्लेषणासाठी तक्ते बाहेर पडतात. मामला कित्येक टेराबाइटचा. रात्रभर क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) चाललं आणि सकाळी सगळं हिरवं, एकही एरर नाही. मी खूश.

दुपारी त्याचा मेसेज. "एका मॉडेलमध्ये ३१ तारीखच नाही. कुठल्याच महिन्यात." याचंच काहीतरी चुकलं असणार, असं आधी वाटलं (हे त्याला कळायला नको). बघते तर खरंच नाही. शिवाय फेब्रुवारीच्या शेवटचे दोन दिवस माझ्या कोडने 'अवैध तारीख' म्हणून गुपचूप गाळलेले.

तिला विचारलं. "अगं, ते ३६० दिवसांचं कॅलेंडर. प्रत्येक महिना ३० दिवसांचा." ब्रिटनच्या हॅडली सेंटर या हवामान संशोधन केंद्राच्या बऱ्याच मॉडेलांत असंच वर्ष असतं, आणखी काहींत लीप वर्षच नसतं. तिच्या लेखी यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. मॉडेलांचा डेटा ज्या नेटसीडीएफ फाइलमध्ये येतो, तिच्यात वेळेसोबत कॅलेंडरचा प्रकारही लिहिलेला असतो. मी तो कधी उघडून वाचला नाही. ३६५ मधून सात ३१ तारखा वजा, फेब्रुवारीचे दोन दिवस अधिक. जुळलं, ३६०.

मग मी सुचवलं, ३६० दिवस ताणून ३६५ वर बसवू. त्याला बनावट दिवस नको होते. वाद रंगला, तेवढ्यात ती म्हणाली, "पण तुम्ही तारखेला तारीख जोडताय कशाला? मॉडेलमधला १२ मार्च हा खऱ्या १२ मार्चचा अंदाज नसतोच. त्यातून तीस वर्षांचं हवामान कळतं, त्या दिवसाचं नाही."

तो गप्प झाला. रोजच्या रुग्णसंख्येशी तो नेमकं तेच जोडत होता, आणि तक्ते तसे बनवून देणारी मी.

कॅलेंडर ओळखता आलं नाही तर पाइपलाइन पहिल्याच पायरीवर थांबेल, एवढं तरी आता लिहून ठेवलंय. दहा ओळींचं काम.

निघताना त्याने विचारलं, "म्हणजे माझे तीन महिने?" आम्ही दोघी काहीच बोललो नाही. उद्या दहाला बसतोय.