आउटलाइनवरून एचटीएमएल: स्क्रिप्ट कुठवर आली

आउटलाइन, म्हणजे मुद्दे-उपमुद्दे टॅबने आत सरकवून लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल, वाचून तिचं वेब पेज (एचटीएमएल) करणारी माझी पायथॉन स्क्रिप्ट आता रोज वापरण्याजोगी झाली आहे. सगळा खेळ एका स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशा यादीवर) चालतो. ओळीच्या सुरुवातीचे टॅब मोजायचे आणि ते आधीच्या ओळीच्या टॅबांशी ताडून बघायचे. पातळी वाढली तर नवीन यूएल (यादीचा टॅग) उघडायचा, कमी झाली तर तितके बंद करत मागे यायचं. यात एक पथ्य पाळावंच लागतं: मजकूर लिहून झाला म्हणून एलआय (यादीतल्या एका मुद्द्याचा टॅग) लगेच बंद करायचा नाही, पुढची ओळ बघून मगच ठरवायचं. कारण पोटयादी त्या एलआयच्या आत यायला हवी. ती बाहेर पडली तरी ब्राउझरमध्ये पान ठीकच दिसतं, पण कोणता उपमुद्दा कोणत्या मुद्द्याचा, हे मार्कअपमध्ये उरत नाही. आणि तेच जपायला तर आपण आउटलाइन वापरतो!

एचटीएमएलमध्ये मथळ्यांच्या पातळ्या सहाच. मी वरच्या 3 पातळ्यांना मथळे आणि त्याखाली सगळी यादी असं ठेवलं आहे. इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये आउटलाइन लिहिण्यासाठी असलेल्या ऑर्ग-मोडचा एक्सपोर्टही मुळात 3 वरच थांबतो, आणि वाचायला ते खरंच बरं पडतं.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो मथळ्यांच्या आयडींचा, म्हणजे दुव्याने थेट त्या मथळ्यावर नेणाऱ्या नावांचा. पायथॉनच्या 're' या मजकूर शोधण्याच्या मॉड्यूलमधला '\w' (कोणतंही अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर) देवनागरी अक्षरं ओळखतो, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने 'नको ती चिन्हं' गाळली की 'व्याकरण'चं 'वयकरण' होतं. 'काळ', 'केळी' आणि 'कोळी' हे तिन्ही मथळे तर 'कळ' होऊन बसतात. उपाय सोपा आहे: 'युनिकोडडेटा' मॉड्यूलकडून प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारायचा आणि एल, एम, एन यांनी सुरू होणारे वर्ग (अक्षरं, मात्रांसारखी जोडचिन्हं, अंक) ठेवायचे. बाकी सगळ्याच्या जागी हायफन. एचटीएमएल5 मध्ये आयडीत मोकळी जागा तेवढी चालत नाही, देवनागरी बिनधास्त चालते. रोमन लिपीत उतरवण्याची काहीच गरज नाही.

'उदाहरणे' हा मथळा चार ठिकाणी असेल तर? शेवटी 2, 3 असे आकडे जोडणं मला पटत नाही. मुद्द्यांचा क्रम बदलला की जुने दुवे भलतीकडे नेतात. म्हणून पालक मथळा पुढे जोडतो: 'संधी-उदाहरणे', 'समास-उदाहरणे'. मुद्दा दुसऱ्या पालकाखाली हलवला तर दुवा तुटतो, पण चुकीच्या जागी नेण्यापेक्षा तुटलेला परवडला.

मजकुरातल्या '&' आणि '<' ही चिन्हं टॅग समजली जाऊ नयेत यासाठी पायथॉनचं 'एचटीएमएल.एस्केप' फंक्शन पुरेसं आहे.

सध्या 'डिटेल्स' आणि 'समरी' टॅग लावून फांद्या मिटता-उघडता येतील असं करतोय. जावास्क्रिप्ट लागत नाही, पण मिटलेली फांदी छापील प्रतीत येत नाही. त्यामुळे छपाईसाठी सगळं उघडं ठेवणारा वेगळा पर्याय आधी लिहायला घेतला आहे. ओपीएमएल (आउटलाइनसाठीचा एक्सएमएल फाइल-प्रकार) त्यानंतर, तिथे 'आउटलाइन' एलिमेंट मुळातच एकात एक असतात, तेव्हा स्टॅकऐवजी रिकर्शनवर (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्यावर) भागेल.