तुम्ही विचारलंत म्हणून : चालतं दुकान बंद का केलं?

तिस्कावर भाजी घेताना, देवळात, लग्नाच्या मांडवात, फोंड्यातलं जुनं माणूस भेटलं की प्रश्न येतोच. "बाय, दुकान चलतालें न्हय, मागीर बंद कित्याक केलें?" आमचं रेडिओ-टीव्हीच्या पार्टांचं दुकान होतं. रेझिस्टन्स, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, आयसी असा माल. ‘वय झालं’ म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. पण ते खरं कारण नव्हे, आणि खरं कारण रस्त्यात उभ्या उभ्या सांगून होत नाही.

दुकान बाबांनी १९७६ साली काढलं. नऊ बाय बारा फुटांची खोली, मागच्या भिंतीला पत्र्याचे १४४ कप्पे, प्रत्येकावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातला. सुरुवातीच्या वर्षांत बाबा पणजीच्या धक्क्यावरून मुंबईची बोट धरायचे आणि दोन पिशव्या भरून परतायचे. वस्तू इतक्या बारीक की दोन पिशव्या अख्ख्या तालुक्याला तीन-चार महिने पुरत. शाळेतून आले की मी काउंटरमागे स्टुलावर बसायची. रेझिस्टन्सचा आकडा त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांत असतो. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार ओहम; पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४७००. बाबा पट्टे दाखवायचे, मी आकडा सांगायची. १९९२ पासून गल्ल्यावर मीच बसू लागले.

गोव्यात अशा दुकानाला एक खास काम होतं. इथे घरटी कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात. तारवटी माणूस हाँगकाँगला टीव्ही घ्यायचा, हौसेनं घरी आणून लावायचा, तर चित्र स्वच्छ आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. दोष सेटमध्ये नसायचा. आपल्याकडे चित्राच्या आणि आवाजाच्या लहरींत साडेपाच मेगाहर्ट्झचं अंतर ठेवलेलं, हाँगकाँगला आणि इंग्लंडला सहाचं. मेकॅनिकनं तीन पायांचा एक सिरॅमिक फिल्टर बदलायचा, शेजारची कॉइल जराशी फिरवायची, की दूरदर्शनच्या बातम्या ऐकू यायच्या. फिल्टरची किंमत पाच-सहा रुपये. दुसऱ्या कुणाच्या टेपरेकॉर्डरला ११० व्होल्ट लागायचे. घाईघाईत आपल्या २२० वर लावला की ट्रान्सफॉर्मरचा जळका वास घेऊनच तो दुकानात यायचा. आपली गिऱ्हाइकं कुठल्या बंदरात खरेदी करतात हे बाबांना ठाऊक होतं, आणि आमचे कप्पे त्या माहितीवर भरलेले असायचे.

आता हिशेब सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर हिशेबात आहे.

एक रेझिस्टन्स आम्ही चाराण्याला विकत होतो, पुढे एक रुपयाला. तो देताना पाच-दहा मिनिटं जात. जळून काळा पडलेला तुकडा गिऱ्हाईक पुढे ठेवणार, त्यावरचे रंग ओळखता येत नाहीत, मग कुठल्या सेटमधला, कुठल्या जागेवरचा, शेजारी काय आहे, हे विचारत जायचं. कंडेन्सरचंही तेच. १००० मायक्रोफॅरडचा १६ व्होल्टचा नसेल तर २५ चा बिनधास्त चालतो, पण २५ च्या जागी १६ चा घातला तर फुटेल. बीसी १४८ हा ट्रान्झिस्टर मिळेनासा झाला तेव्हा त्याच्या जागी बीसी ५४८ बसवा, मात्र पायांचा क्रम बघून, असं दिवसातून चार वेळा सांगावं लागे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला जर्मेनियमचा एसी १२८ गेला तर त्याच्या जागी सिलिकॉनचा तसाच डकवून भागत नाही, भोवतालचे रेझिस्टन्सही बदलावे लागतात. हे सगळं त्या रुपयात. आणि सोबत वर्षानुवर्षं न हललेले साठ-सत्तर कप्पे, कारण ते कधी मागितले जातील सांगता येत नाही, आणि मागितले तेव्हा नसतील तर दुकान कसलं?

हे परवडायचं कसं? एलओटीमुळे. जुन्या जाड टीव्हीत पिक्चर ट्यूबला लागणारे वीस-पंचवीस हजार व्होल्ट तयार करणारा तो काळा, वजनदार ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत तो पावसाळ्यात हटकून जायचा. आत ठिणग्या, तडतड आवाज, मग पडदा काळा. मृगापासून चवथीपर्यंत रोज एखादा तरी खपायचा, आणि एकेका नगावर साठ-सत्तर रुपये सुटायचे. त्याच्या जोडीला पिक्चर ट्यूब, व्हीसीआरची हेडं, स्टॅबिलायझरचे रिले. घर त्यावर चाललं, माझ्या दोन्ही मुलांचं शिक्षण त्यावर झालं. कप्प्यांतला बारीक माल या जड मालाच्या जिवावर जगत होता. गिऱ्हाइकाला ते दिसायचं नाही, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही दिसलं नव्हतं.

२०१० नंतर घरोघरी भिंतीला चपटे टीव्ही लागले. त्यांत एलओटी नाही, पिक्चर ट्यूब नाही. बिघडला तर कंपनीचा माणूस येऊन पूर्ण बोर्ड बदलतो, आणि पॅनल गेलं तर नवाच टीव्ही घ्या म्हणतो. आमचा जड माल दोन-तीन वर्षांत थांबला. बारीक माल मागणारे मात्र येतच राहिले, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं दुकान चालतंय. २०१८ च्या वहीत एका मंगळवारी ३१ गिऱ्हाइकं आणि दिवसाचा गल्ला ४३० रुपये अशी नोंद आहे. त्या ३१ माणसांना तुम्ही आत उभं पाहिलंत. ४३० रुपये तुम्हाला कुठून दिसणार?

दुसरी गोष्ट मेकॅनिकांची. माझ्या आठवणीत आमच्याकडून माल नेणारे वीस-बावीस जण होते, शिरोड्यापासून म्हार्दोळपर्यंत. कोणी एसीच्या कामाला गेला, कोणी मोबाईलकडे वळला. नव्या बोर्डावरचा रेझिस्टन्स १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ रुंद, तांदळाच्या कणीएवढा. त्यावर रंगाचे पट्टे नाहीत. तशाच बारीक सिरॅमिक कंडेन्सरच्या अंगावर तर एक अक्षरही नसतं. जळलेला तुकडा काउंटरवर ठेवून ‘याच्यासारखा दुसरा द्या’ म्हणायची सोयच उरली नाही. आमचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा होता.

ऑनलाइननं मारलं का, असंही विचारतात. माझा तसा राग नाही. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं पूर्वी परीक्षेच्या आधी प्रोजेक्टची यादी घेऊन रांग लावायची. आता तोच माल ती घरबसल्या मागवतात, शंभर नगांचं पाकीट आमच्या दहा नगांच्या भावात. त्यांनी तसं का करू नये? अमेरिकेत रेडिओशॅक हे गल्लोगल्ली असलेलं पार्टांचं दुकान १९२१ पासूनचं. त्यांनीही पार्ट मागच्या भिंतीला ढकलून पुढे मोबाईल मांडले, आणि तरी २०१५ त दिवाळं निघालंच. मलाही पुष्कळांनी सुचवलं, मोबाईलची कव्हरं ठेवा. वर्षभर ठेवली. कव्हर विकायला रंगांचे आकडे पाठ असावे लागत नाहीत, त्यामुळे तसली दुकानं तिस्कावर आधीच आठ होती. २०१९ च्या मार्चमध्ये मी शटर ओढलं.

कशाची चुटपुट लागते म्हणाल, तर दिवाळीआधीच्या आठवड्याची. नरकासुराचे पुतळे करणारी पोरं यायची. डोळे उघडझाप करायला पाहिजेत, तोंडातून प्रकाश पळत गेला पाहिजे. ५५५ नंबरचा आयसी ठोके देतो, ४०१७ त्या ठोक्यांवर एकामागून एक दहा दिवे लावत जातो; बाबांनी ही जोडणी एका पुठ्ठ्यावर काढून दुकानात टांगली होती, आणि पोरं ती बिडीच्या पाकिटावर उतरवून न्यायची. चतुर्दशीच्या आदल्या रात्री दहाला कोणी तरी दार वाजवायचंच, आयसी उलटा बसवून जाळलेला असायचा. त्या पोरांतला एक आज वेर्णेच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. सोल्डरिंग पहिल्यांदा आमच्या काउंटरवर केलं, हे तो स्वतः सांगतो.

कुरियरनं सगळं मिळतं, पण चार दिवसांनी. आमच्याकडे एक नग मिळायचा आणि आज मिळायचा. यंदा माघात एका गावच्या जत्रेतून संध्याकाळी साडेपाचला फोन आला. रात्री पालखीनंतर नाटक, आणि अॅम्प्लिफायर बसला. गावचा मेकॅनिक म्हणाला, आउटपुटचे दोन्ही २एन ३०५५ ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेत. पणजी, म्हापसा, मडगाव, सगळीकडे विचारून झालं होतं. कप्पे मी घरी माळ्यावर ठेवलेत. ‘पॉवर’ अशी चिठ्ठी असलेल्या डबीत तीन नग निघाले, त्यांतला एक मल्टिमीटरवर मेलेला. चांगले दोन मी कागदात गुंडाळून मोटारसायकलवरून आलेल्या मुलाच्या हातात दिले आणि त्यांच्याखाली घालायचे अभ्रकाचे तुकडेही दिले, कारण ते नसतील तर नवे ट्रान्झिस्टरही जातील. साडेअकराला पडदा उघडला, असा निरोप आला.

डबी आता रिकामी आहे. ती भरायला मी मुंबईला जाणार नाही.