दगड जमवणाऱ्यांचं मंडळ आणि बँकेचं खातं : माझा अनुभव

खनिजं आणि जीवाश्म जमवणाऱ्यांचं मंडळ काढताय? मग नावात ‘खनिज’ घालण्याआधी दहादा विचार करा. आम्ही घातलं. नोंदणी झाली, पॅन आलं, सगळं सुरळीत. आणि बँकेच्या काउंटरवर येऊन गाडी जी रुतली ती रुतलीच.

नाशिकमध्ये असं मंडळ निघण्यात नवल काहीच नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि नंतर झिरपलेल्या पाण्यातून त्या पोकळ्यांमध्ये स्टिलबाइट, अ‍ॅपोफिलाइट, स्कोलेसाइट असे स्फटिक वाढले. विहिरीला सुरुंग लागला किंवा खाणीत दगड फुटला की ते बाहेर पडतात, आणि कुणी उचललं नाही तर क्रशरमध्ये जाऊन खडी होतात. नाशिक जिल्ह्यातलं पॉवेलाइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय एकदा बघून या, मी काय म्हणतोय ते कळेल. जीवाश्मवाले आमच्यात कमी, आणि कायम कुरकुरणारे. त्यांचंही बरोबर आहे. लाव्ह्यात जीवाश्म कुठून सापडणार? दोन थरांच्या मधे साचलेल्या गाळात सापडतात, पण त्यासाठी विदर्भाकडे जावं लागतं.

नोंदणीचं थोडक्यात सांगतो. किमान सात सभासद, घटना-नियमावली, सगळ्यांची संमतीपत्रं, कार्यालय ज्यांच्या घरात दाखवलंय त्यांचं ना-हरकत आणि लाइट बिल. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली, अशा दोन्ही नोंदण्या होतात. वकिलाने केलं, आम्ही सह्या केल्या.

आता बँक. नाव सांगत नाही, गंगापूर रोडवर पन्नास बँका आहेत. खातं उघडायला मी आणि खजिनदार काका गेलो. काका निवृत्त मास्तर, त्यामुळे फाइल अशी लावलेली की कागद मागायच्या आत हातात. ठराव, प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा (म्हणजे विश्वस्त नोंदणीच्या नोंदवहीचा) उतारा, आधार, फोटो. मॅडमनी पहिलंच पान वाचलं आणि विचारलं, “खाणीचा परवाना?”

म्हटलं, मॅडम, खाण नाही, छंद आहे.

“पण नावात खनिज आहे. आणि जीवाश्म म्हणजे कोळसा, पेट्रोल तेच ना?”

त्यांच्या कॉम्प्युटरवर कामाचं स्वरूप निवडायचा रकाना होता. त्यात शाळा, वाचनालय, क्रीडा, धार्मिक वगैरे सगळं होतं. दगड जमवणारे नव्हते. मॅडमनी ‘खाणकाम’ निवडलं आणि लगेच स्क्रीनवर परवाना मागणारी लाल ओळ आली. “बघा, सिस्टिमच मागतेय.” सिस्टिमपुढे कोण बोलणार!

पुढच्या खेपेला साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, सरकारी खात्याचं पत्र आणा की ही संस्था खाणकाम करत नाही. आता आपण जे करतच नाही, ते करत नाही याचा दाखला देणार कोण? मी दूधही विकत नाही, त्याचा आणलाय का दाखला? (हे मनात. तोंडाने “बरं साहेब” म्हणालो.) मग “हेड ऑफिसला विचारतो”, मग “मॅडम रजेवर आहेत”, मग “मार्च एंड आहे”. तोवर सभासदांची वर्गणी काकांच्या कपाटात, पेढ्याच्या खोक्यात.

एकदा मला वाटलं, प्रत्यक्ष दाखवूनच टाकू. मुठीएवढा नमुना नेला, पीच रंगाच्या स्टिलबाइटवर हिरवट अ‍ॅपोफिलाइटचे दोन स्फटिक, कापसात गुंडाळून. टेबलावर ठेवला तर आजूबाजूचे चार जण उठून आले. साहेब हातात घेऊन म्हणाले, “वास्तूसाठी ठेवतात ना हे? केवढ्याला पडतं?” मी उत्साहात बाजारभाव सांगणार एवढ्यात काकांनी टेबलाखालून पाय दाबला. “आम्ही विकत नाही,” काका म्हणाले. किमतीचा एक आकडा उच्चारला असता तर व्यापारी संस्था म्हणून नवा रकाना उघडला असता!

शेवटी गाडी हलली ती काकांच्या अर्जाने. 1860 च्या कायद्याचं कलम 20 काढा. कोणकोणत्या संस्था नोंदवता येतात त्या यादीत विज्ञानाचा प्रसार आहे आणि निसर्गेतिहासाचे संग्रहही आहेत, स्पष्ट. म्हणजे इंग्रजांच्या सरकारला जे कळलं होतं ते आमच्या शाखेला कळेना. त्या कलमाची प्रत, घटनेतलं ‘संस्था उत्खनन व खरेदी-विक्री करणार नाही’ हे वाक्य पिवळ्या पेनाने रंगवून, आणि खाली एकच ओळ : खातं उघडायचं नसेल तर कारण लेखी द्यावं. पोच घेतली. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे काकांनी अगदी गोड आवाजात, निघता निघता सांगितलं. त्याच आठवड्यात फोन आला. रकाना कोणता निवडला म्हणाल तर ‘शैक्षणिक’. तो पहिल्या दिवशीही तिथेच होता.

तेव्हा घटनेत ते उत्खननाचं वाक्य पहिल्यापासून घालाच. आमच्या वकिलाने सवयीने घातलं होतं, तेच कामी आलं. संस्थेच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंगही पहिल्या ठरावातच पक्कं करा. प्रमाणपत्रावर एक आणि पॅनवर दुसरं असलं की बँकेला आणखी एक निमित्त मिळतं.

नवीन सभासदांसाठी, आठवलं म्हणून : पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे हातोडा घेऊन जायचं नाही. खाणीत मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. आणि घरी आणलेला झिओलाइट (स्टिलबाइट, स्कोलेसाइट वगैरे या गटातलेच) अ‍ॅसिडने धुवायचा नाही, खराब होतो; पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. मेसोलाइटच्या केसासारख्या सुया असतील तर तेही नको, फुंकर मारा.

सध्या काका मुलाकडे पुण्याला चाललेत, त्यामुळे नवा खजिनदार आला. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, तो दिलाय. त्याची प्रत आणि सह्या बदलायचा ठराव घेऊन सोमवारी परत त्याच काउंटरवर जायचंय. या वेळी नमुना नेणार नाही.