तुम्ही विचारलंत म्हणून: चिंतेची गोळी सोडून ब्राह्मी घेऊ का?

खानापूरच्या लग्नात, टिळकवाडीच्या भाजीबाजारात, सगळीकडे हाच प्रश्न. मी एम.फार्मला, म्हणजे औषधशास्त्र शिकताना, ब्राह्मीवर काम केलं, उंदरांवर गुण आला. मग लोक विचारतात, आमची गोळी का सोडायची नाही?

नाही सोडायची. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

आम्ही काय मोजलं ते सांगते. एलिव्हेटेड प्लस मेझ म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी लाकडी चौकट, जमिनीपासून उंचावर. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. पांढरा उंदीर मधोमध सोडायचा आणि पाच मिनिटं बघायचं. भ्यालेला भिंतीच्या आडोशाला बसतो. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलेला उघड्यावर फिरतो. माझा एक उंदीर अगदी टोकाला जाऊन, मान खाली घालून जमीन न्याहाळत होता. मिशा थरथरत होत्या, पाय नाही. मला आनंद झाला होता.

त्याच आनंदात रविवारी काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. काकू छातीतल्या धडधडीसाठी कित्येक वर्षं क्लोनाझेपाम ही चिंतेवरची गोळी घेत. म्हणाल्या, "उंदराला चालतंय म्हणजे माणसाला चालतंयच की." मी हसले. नको म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. फिट आली होती, कपाळ कट्ट्यावर आपटलं. ओट्यावर पेल्यात हिरवा रस अर्धा उरला होता आणि शेजारी बांधावरून आणलेली गोल पानं. ती कन्नडमधली ओंदेलगा, म्हणजे मंडूकपर्णी. आपल्याकडे तिलाही ब्राह्मीच म्हणतात. माझी ब्राह्मी लहान जाड पानांची, वेगळीच वनस्पती. पण फिट पानांमुळे आली नव्हती. इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडल्यामुळे आली, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर काकू म्हणाल्या, "मी गोळ्या सोडलो गं. तुझं औषध घेतलो."

पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिले: लोक अर्धवट ऐकतात, माझा काय दोष? पण अर्धवट मीच सांगितलं होतं. आम्ही दिला तो अल्कोहोलमध्ये काढून सुकवलेला अर्क, उंदराच्या वजनावर मिलिग्रॅममध्ये मोजून, नळीने थेट पोटात. पानांचा रस नव्हे. शिवाय माणसांना चिंतेवर देतात ते बस्पिरोनसुद्धा या चौकटीवर कधी गुण दाखवतं, कधी नाही. चौकटीवरची भीती पाच मिनिटांची. काकूंची वीस वर्षांची.

मग उंदीर मारलेस कशाला, असंही विचारतात. नीतिसमितीने परवानगी दिली तेवढेच प्राणी वापरले, आणि प्राण्यांवर न तपासलेला अर्क मी कुणाच्या आईला देणार नाही. हे आजही ठासून म्हणते. म्हणताना काकूंच्या कपाळावरची खूण दिसते, तरीही म्हणते.

प्रबंधातलं 'चिंताशामक परिणाम आढळला' हे वाक्य मी खोडणार नाही. उंदरांपुरतं ते खरं आहे. 'उंदरांपुरतं' हा शब्द त्या रविवारी तोंडातून निघाला नाही.

काकू म्हणतात, "तू सांगितलीस तरी मी सोडलोच असतो."

मला ते पटत नाही.