हर्णै बंदरावरची माकूळ

आज संध्याकाळी हर्णै बंदरावर लिलाव चालू असताना एका टोपलीतल्या माकुळीच्या, म्हणजे स्क्विडच्या, अंगावर तांबूस ठिपके अजूनही उमलत-मिटत होते, आणि मी तिथेच थबकले. त्वचेतल्या रंगपेशींभोवतीचे बारीक स्नायू आखडले की ठिपका पसरतो, सैलावले की आकसतो. याच युक्तीने ती समुद्रात शत्रूची नजर चुकवते, आणि तेही साधले नाही तर शाई सोडून निसटते. तीन हृदये आणि तांब्यामुळे निळे दिसणारे रक्त असलेला केवढा विलक्षण जीव हा! घरी साफ करताना पाठीतले काचेसारखे पारदर्शक पाते अखंड निघाले, ते मी बराच वेळ उजेडात धरून पाहिले. मग कांदा-कोकम घालून सुके केले आणि लगेच उतरवले, कारण आच थोडी जास्त लागली की माकूळ चिवट होते.